भाव कळतो, पण मिळत नाही

जानेवारीत तुरीची रास झाली की खजुरीच्या शेतकऱ्याला दोन बाजारांचे भाव एकाच वेळी फोनवर दिसतात, एक कलबुर्गीचा आणि दुसरा लातूरचा. कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातलं हे गाव कर्नाटकाच्या अगदी कडेला आहे. पुढे महाराष्ट्र सुरू होतो, उमरगा तालुका लागतो. इथल्या किती तरी घरांत मराठी बोलली जाते, बाजारात कन्नड आणि दखनी चालते आणि सोयरीक दोन्ही राज्यांत असते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लातूरचा भाव कळायचा तो आडत्याच्या तोंडून किंवा दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून. आता सौदा निघाला की तासाभरात व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आकडा येतो. गावातल्या पोराटोरांनाही तो पाठ असतो.

यावरून एक निष्कर्ष सहज काढला जातो: फोनमध्ये इंटरनेट आलं, माहिती आली, आता गरिबी हटणार. मंत्र्यांच्या भाषणात, कंपन्यांच्या जाहिरातींत आणि आपल्या चहाच्या गप्पांतही तो ऐकू येतो. मला तो अर्धाच खरा वाटतो. उरलेला अर्धा भाग कुणी बोलत नाही, आणि त्याची किंमत खजुरीसारख्या गावातली गरीब घरं दर अठ्ठावीस दिवसांनी मोजतात.

खरा अर्धा भाग आधी मांडतो, कारण तो मोठा आहे. १९९७ ते २००१ या काळात केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल पोहोचला. तिथल्या मच्छीमारांचा अभ्यास करून रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली निष्कर्ष मांडले. पूर्वी एका बंदरावर मासळी फेकून द्यावी लागायची आणि शेजारच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. फोन आल्यावर नाव समुद्रात असतानाच कोळी चौकशी करू लागला. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि मासळीही ४ टक्क्यांनी स्वस्त झाली. नायजेरियातला दाखला तर थेट मोबाइल इंटरनेटचा आहे. २०१० ते २०१६ दरम्यान त्याच त्या कुटुंबांची पुन्हा पुन्हा पाहणी झाली. जिथे इंटरनेटचं जाळं पोहोचलं तिथे घराचा खर्च वाढला, अत्यंत गरिबीतली कुटुंबं कमी झाली आणि हा फायदा खेड्यांत जास्त दिसला. अभ्यासकांनी दिलेलं मुख्य कारण असं, की जास्त माणसं, त्यातही बायका, कामाला लागली.

म्हणजे इंटरनेटने गरिबी कमी होऊ शकते. पण ती कशामुळे होते, हे नीट पाहिलं पाहिजे. केरळच्या कोळ्याकडे नाव होती, ती दुसऱ्या बंदराकडे वळवता येत होती आणि मासळी त्याच्या स्वतःच्या ताब्यात होती. नायजेरियात फोनच्या पलीकडे काम होतं. फोनने फक्त वाट दाखवली, चालायला पाय आधीच होते.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या १०० गावांत असाच एक प्रयोग झाला होता. मार्सेल फाफशांप आणि बार्ट मिंटेन या अभ्यासकांनी शेतकऱ्यांना वर्षभर फुकट एसएमएसवर बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला पुरवला. कांदा, टोमॅटो, डाळिंब, सोयाबीन आणि गहू ही पिकं त्यात होती. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एसएमएस मिळालेल्या आणि न मिळालेल्या शेतकऱ्यांच्या पदरात पडलेल्या भावात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

त्याहून बोलका दाखला खुद्द कर्नाटकाचा आहे. या राज्याने २०१४पासून बाजार समित्या ऑनलाइन जोडायला सुरुवात केली. एका बाजारात आलेल्या मालावर राज्यातला कुठलाही परवानाधारक व्यापारी संगणकावरून बोली लावू शकेल, अशी ही व्यवस्था. देशाच्या ई-नाम या ऑनलाइन बाजाराच्या आधीची. २०२०मध्ये तिचा काटेकोर हिशेब प्रसिद्ध झाला. भाताचा भाव सुमारे ५ टक्के, भुईमूग आणि मक्याचा साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढलेला दिसला. कापूस, मूग आणि तूर या तीन पिकांत मात्र परिणाम नगण्य निघाला.

तूर. कलबुर्गीला तुरीचं कोठार म्हणतात, २०१९मध्ये तिथल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि नेमक्या त्याच पिकाला ऑनलाइन बाजाराने हात दिला नाही.

असं का व्हावं, हे शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून हिशेब केला की कळतं. समजा दोन एकर कोरडवाहू रान आहे आणि पाच क्विंटल तूर झाली आहे. लातूरला क्विंटलमागे दोनशे रुपये जास्त दिसतात, म्हणजे एकूण हजार रुपयांचा फरक. त्यातून टेम्पोचं भाडं, हमाली, तोलाई आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी वजा करा. हातात काय उरलं? शिवाय ज्या आडत्याकडून जूनमध्ये बी-बियाण्याला आणि ऑक्टोबरमध्ये फवारणीला पैसे उचलले, त्याच्याच दुकानी माल घालावा लागतो. ज्याची तूर पन्नास क्विंटल आहे, ज्याचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे आणि जो मार्चपर्यंत थांबू शकतो, त्याला फोनवरच्या भावाचा उपयोग होतो. पाच क्विंटलवाल्याला तो नुसता कळतो.

आणि भाव ठरतो कुठे? २०२१मध्ये सरकारने तुरीची आयात खुली केली. मोझांबिक, म्यानमारकडून डाळ येते. २०२४-२५च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७५५० रुपये होता आणि रास घरात आली तेव्हा बाजार त्याच्याही खाली घसरला. वर्षभरापूर्वी दहा हजारांच्या घरात गेलेला भाव कसा उतरला, हे शेतकऱ्याने रोज फोनवर पाहिलं. दिल्लीतल्या आयात धोरणापुढे त्या पाहण्याने काहीच साधलं नाही. शहरातल्या डाळीच्या भावासाठी सरकार आयात उघडतं, त्यामागची कारणं मी समजू शकतो. पण एका हाताने भाव पाडायचा आणि दुसऱ्या हाताने भाव दाखवणारं अॅप द्यायचं, याला दारिद्र्यनिर्मूलन म्हणता येणार नाही.

मग या गावांत फोनचा खरा आधार कुठे झाला? माझं उत्तर आहे, पैसे पाठवण्यात. बिदर-कलबुर्गीच्या सीमेवरून पुणे, मुंबई, हैदराबादला बांधकामावर जाणारी माणसं पिढ्यानपिढ्या आहेत. तांड्यावरची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात. पूर्वी पैसे यायचे मनिऑर्डरने, नाही तर गावाकडे निघालेल्या माणसाच्या खिशातून, तेही त्याला निघायला जमेल तेव्हा. आज आई दवाखान्यात आहे असा फोन गेला की पुण्याहून पोरगा पाच मिनिटांत दोन हजार टाकतो. हे लहान काम नाही. गरीब घर एकदम रसातळाला जातं ते आजारपण, बैल दगावणं किंवा पाऊस दडी मारणं अशा एखाद्या धक्क्याने. त्या आठवड्यात सावकाराकडे जावं लागलं नाही तर पुढची पाच वर्षं वाचतात. केनियात एम-पेसा या मोबाइल पैशांच्या सेवेमुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबं गरिबीतून वर आली, असं तवनीत सूरी आणि विल्यम जॅक यांनी २०१६मध्ये दाखवलं. तिथल्या एकूण कुटुंबांच्या ती २ टक्के. आणि त्या सेवेला इंटरनेट लागत नव्हतं, साधा बटणांचा फोन पुरत होता. आपल्याकडेही मार्च २०२२मध्ये साध्या फोनवरून यूपीआय करण्याची सोय आली. गावात तिचं नाव ठाऊक असलेला माणूस शोधावा लागेल, कारण ती सांगायला कुणी गेलंच नाही.

पडणाऱ्याला फोन सावरतो, हे मी मान्य करतो. पण चढायला लागते ती शिडी म्हणजे रान, पाणी, गोदाम, जवळपास काम आणि ते करण्याचं शिक्षण. ती फोनमधून येत नाही.

आता किमतीकडे. जुलै २०२४मध्ये कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा, अठ्ठावीस दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला, इतरांचंही तसंच झालं. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा रिचार्ज होतात. २९९ गुणिले तेरा म्हणजे ३८८७ रुपये. कर्नाटकात २०२५-२६चा रोजगार हमीचा दर दिवसाला ३७० रुपये होता. म्हणजे एका फोनसाठी साडेदहा दिवस उन्हात माती उपसायची. घरात दोन फोन असतील, एक बाहेरगावी गेलेल्याचा आणि एक घरचा, तर ७७७४ रुपये. राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेत घरच्या बाईला वर्षाला २४ हजार रुपये मिळतात, त्यातला जवळपास तिसरा हिस्सा रिचार्जलाच जाईल एवढी ही रक्कम. पोरं व्हिडिओ बघतात म्हणून गरिबाला नावं ठेवणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा. यातला बराच खर्च हौसेचा नाही. फोन चालू नसेल तर हक्काचं काही मिळत नाही, म्हणून तो केला जातो.

ग्राम वन केंद्रावर, सेवा केंद्रावर, बँक मित्राच्या टेबलापाशी हे रोज दिसतं. बाई आधार, रेशनकार्ड आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आलेली असते. पोरगा ओटीपी विचारतो. "ओटीपी थोरल्याच्या फोनवर गेला असंल, त्यो पुण्याला हाय," ती म्हणते. थोरल्याला फोन लावला तर तो सेंट्रिंगच्या कामावर, फोन खाली ठेवलेला. दहा मिनिटांत ओटीपीची मुदत संपते. बाई उद्या पुन्हा येते, म्हणजे उद्याचीही मजुरी बुडते. त्यातून सिम बरेच दिवस रिचार्जविना पडून राहिलं तर नंबरच बंद होतो आणि पुढे तो दुसऱ्याच कुणाला मिळतो. बँकेत, आधारला, रेशनला जोडलेला नंबर असा हातचा गेला की तो पुन्हा जोडून घ्यायला आळंदच्या खेपा सुरू होतात.

रोजगार हमीचं तर याहून वाईट झालं. १ जानेवारी २०२३पासून मजुरांची हजेरी मोबाइल अॅपवरच घ्यायची, दिवसातून दोनदा कामावरचा फोटो चढवायचा, असा नियम सक्तीचा झाला. कर्नाटकात हे काम कायकबंधूच्या, म्हणजे मजुरांच्या मुकादमाच्या, गळ्यात पडलं. त्याच्या फोनला रेंज नसली, अॅप अडकलं, की दिवसभर राबलेल्याची हजेरी कागदावर उरत नाही. पुढच्याच वर्षी मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जाईल, असं ठरलं. गैरव्यवहार थांबवायला हे केलं, असं सांगितलं गेलं. पण जुलै २०२५मध्ये केंद्राच्याच ग्रामविकास मंत्रालयाला पत्रक काढून कबूल करावं लागलं, की अॅपवर भलतेच फोटो चढवले जात आहेत, फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जाते आहे. चोराने वाट काढलीच होती. अडकला तो रेंज नसलेल्या माळावर खरोखर खड्डा खणणारा मजूर.

सरकारी कचेरीने आपला खिडकीवरचा भार उचलून गरिबाच्या फोनवर ठेवला आहे. फॉर्म त्याने भरायचा, ओळख त्याने पटवायची, नेट त्याने विकत घ्यायचं आणि चूक झाली तर जबाबदारीही त्याचीच. जिथे इंटरनेटने गरिबाचा खर्च वाढवला आहे, तिथे बहुतेक वेळा त्याच्यामागे हीच गोष्ट सापडते.

सीमेवर याला आणखी एक पदर आहे, आणि बेंगळुरू किंवा मुंबईत बसून तो दिसत नाही. खजुरीतल्या मराठी घराचा फोन मराठीत बोलतो. त्यावर येणाऱ्या बातम्या महाराष्ट्राच्या, शेतीचे व्हिडिओ महाराष्ट्रातले आणि योजनाही महाराष्ट्राच्या. लाडकी बहीण योजनेचा अर्ज कसा भरायचा, हे २०२४च्या पावसाळ्यात इथल्या बायकांनाही फोनवर दिसलं. त्यांना ती योजना लागू नाही. पीक विम्याची तारीख, अनुदानाची यादी, सातबाराची दुरुस्ती असं जे जे कळतं, ते शेजारच्या राज्याचं. ज्या राज्यात त्या राहतात तिथली पहाणी, म्हणजे तिथला सातबारा, कन्नडमध्ये, सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरचे अर्ज आणि फ्रूट्स या पोर्टलवरची शेतकरी नोंदणीही कन्नडमध्ये नाही तर इंग्रजीत. म्हणजे वाचता येणारी माहिती उपयोगाची नाही आणि उपयोगाची माहिती वाचता येत नाही. मग मधला माणूस लागतो, आणि तो फुकट भेटत नाही. नावाचाही घोळ होतो. पुण्यात काढलेल्या आधारवर नाव मराठीतून इंग्रजीत गेलेलं असतं, रेशनकार्डावर कन्नडमधून. एका अक्षराचा फरक पडतो आणि अर्ज अडकतो. बिदर जिल्ह्यातल्या भालकी, औराद, कमलनगरकडेही हीच तक्रार आहे.

मे २०२०मध्ये याची पहिली मोठी झळ बसली. टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून परतणाऱ्या मजुरांना कर्नाटकात शिरायला सेवा सिंधूवर नोंदणी करून पास मिळवावा लागत होता. पायाला फोड आलेला माणूस स्वतःच्या गावाच्या वेशीपाशी उभा, आणि आत जायला पोर्टलची परवानगी हवी. त्या काळात रोगाची भीती खरी होती. देशातला करोनाचा पहिला मृत्यू मार्च २०२०मध्ये कलबुर्गीतच झाला होता. तरीही मोबाइल ज्याच्या हाती नाही तो नागरिक म्हणून अर्धा, ही रीत त्या वेळी रुजली आणि साथ ओसरल्यावरही गेली नाही.

बायकांबद्दल थोडं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात कधीही इंटरनेट वापरलेल्या बायका २४.६ टक्के होत्या, तर पुरुष ४८.७ टक्के. त्यानंतर आकडे वाढले असतील, पण फोन घरात असणं आणि बाईच्या हातात असणं यांतलं अंतर कुठल्याही घरात पाहता येतं. गृहलक्ष्मीचे पैसे तिच्या नावावर येतात आणि आल्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर. मध्य प्रदेशात झालेला एक प्रयोग इथे लक्षात घ्यावा. रोजगार हमीची मजुरी घरच्या पुरुषाच्या खात्यात जाण्याऐवजी बाईच्या स्वतःच्या खात्यात गेली आणि ते खातं कसं वापरायचं हे तिला शिकवलं, तेव्हा त्या बायका अधिक कामाला बाहेर पडू लागल्या. खातं आणि ते चालवण्याचं शिक्षण, दोन्ही एकत्र मिळालं तेव्हाच हे घडलं. योजनेचे पैसे देताना सरकार पहिलं देतं, दुसरं विसरतं.

आणि ज्या वाटेने पैसे येतात त्याच वाटेने जातातही. पाच मिनिटांत कर्ज देणारी अॅप्स, त्यांचे धमकीचे फोन, संपर्क यादीतल्या नातेवाइकांना पाठवलेले बदनामीचे मेसेज, हे सगळं खेड्यात पोहोचलं आहे. छोट्या कर्जांच्या वसुलीतल्या छळाने माणसं जिवानिशी गेली, तेव्हा फेब्रुवारी २०२५मध्ये कर्नाटकाला त्याविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये बंदी घातली. तोवर कित्येक घरांतल्या तरण्या पोरांनी उसाच्या बिलाचे पैसे त्यात घालवले होते. हा तोटा गरिबीच्या हिशेबात धरायलाच हवा.

यावर कुणी म्हणेल, मग काय फोन टाकून द्यायचा? मुळीच नाही. खजुरीत टॉवर हवा, रेंज हवी, पंचायतीत पोहोचलेली भारतनेटची तार नुसती लोंबकळत न राहता चालू हवी. माझं भांडण क्रमाशी आहे. टॉवर उभा केला की गरिबीचं काम झालं असं मानून बाकीची कामं मागे टाकली जातात. माहिती हाती असलेल्या शेतकऱ्याला तूर तीन महिने ठेवायला गावाजवळ गोदाम आणि त्या मालावर स्वस्त कर्ज मिळालं, तर तोच फोन त्याला खरोखर दोन पैसे मिळवून देईल. हे झालं नाही तर भाव दिसेल आणि तूर आडत्याकडेच जाईल.

काही गोष्टी तर पैसे न लागता होण्याजोग्या आहेत. कुठलाही हक्क, मग तो रेशन असो, पेन्शन असो, मजुरी असो, केवळ ओटीपी आला नाही किंवा रेंज नव्हती म्हणून नाकारला जाणार नाही, कागदावरची नोंद तितकीच ग्राह्य धरली जाईल, असा लेखी आदेश निघाला पाहिजे. डिसेंबर २०२४मध्ये दूरसंचार नियामकाने कंपन्यांना फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं. नेट नको असलेल्या म्हाताऱ्या माणसांचा नंबर त्यात जिवंत राहतो. ही माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे.

आणि भाषेचं. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे तत्त्व देशाने राज्य पुनर्रचनेनंतर लगेच मान्य केलं आहे. कन्नड शिकणं आपल्या मुलांच्या हिताचंच आहे, त्याला कुणाचा विरोध नसावा. पण साठीच्या बाईला तिची पेन्शन कशाने अडली, हे तिला कळेल अशा भाषेत सांगणं पोर्टलला अवघड नाही. सीमेवरच्या ८६५ गावांवरून दोन राज्यं दशकानुदशकं भांडत आली आहेत. त्या भांडणाचा निकाल लागेल तेव्हा लागो, एका अर्जाच्या मराठी प्रतीला त्याची वाट पाहायचं कारण नाही.

सीमाभागातल्या वाचकांना म्हणूनच एक विनंती आहे. राज्यघटनेचं कलम ३५० प्रत्येकाला आपली तक्रार राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याकडे मांडायचा हक्क देतं. येत्या ग्रामसभेला जा. ओटीपीमुळे, अंगठा न जुळल्यामुळे किंवा रेंज नसल्यामुळे ज्यांचं रेशन, मजुरी, पेन्शन अडली आहे, त्यांची नावं आणि तारखा कागदावर लिहून घ्या. अर्ज मराठीत लिहा, सोबत कन्नड प्रत जोडा, आणि पीडीओच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याच्या, कार्यालयात देऊन पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.